घाटातली ओवाळणी

गोरक्ष चालायला लागला की देवखडकीची माणसं हातातलं काम टाकून बघायची. बघायची म्हणजे काय, हसायची. आता माणूस चालतो त्यात हसण्यासारखं काय असतं? पण हे चालणं साधं नव्हतंच मुळी. कोपरात वाकवलेले हात छातीपाशी हाणायचे, गुडघा काठीसारखा ताठ, आधी टाच टेकवायची, आणि कंबर अशी डावी-उजवी हलायची की तमाशातल्या नाच्यानं तोंडात बोट घालावं. बायका पदर तोंडाला लावायच्या. पारावर बसलेला काकासाहेब तर हटकून विचारायचा, "काय रं गोरख, परसाकडंला निघालास का कुनी मागं लागलंय?"

हसणाऱ्यांना दोष तरी काय द्यायचा? गावानं कुस्ती बघितली होती, लेझीम बघितलं होतं, बैलांच्या शर्यती बघितल्या होत्या. पण जोरात जायचं आणि पळायचं मात्र नाही, ही कुठली रीत? घाई असेल तर पळावं, नसेल तर सावकाश जावं. मधलं काही गावाला ठाऊकच नव्हतं.

ही रीत गोरक्षनं नगरहून आणली. एका शाळेच्या बांधकामावर तो गवंड्याच्या हाताखाली होता. त्या शाळेत आमोस मास्तर कवायत शिकवायचे. लष्करातून आलेला माणूस, मिशनच्या कंपाउंडात राहायचा, आवाज असा की पोरं रांगेत यायच्या आधीच सरळ व्हायची. गोरक्ष डोक्यावर घमेलं घेऊन निघालेला त्यांनी बघितला आणि थांबवला. "अरे, तुझी टाच काय सुंदर पडते रे!" म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याच्यातल्या कशाला सुंदर म्हणत होतं, आणि तेही टाचेला. गडी तिथंच पाघळला.

मास्तरांनी त्याला दोनच गोष्टी शिकवल्या. पुढचा पाय टेकला की गुडघा ताठ पाहिजे. आणि एक पाय कायम जमिनीला पाहिजे. "दोन्ही पाय एकदम हवेत गेले, पापणी लवेपर्यंत जरी गेले, तरी तू पळालास," मास्तर म्हणायचे. "आणि पळालास की पंच तुला बाहेर काढणार. मग तू कितीही पुढं असलास तरी उपयोग नाही."

पुढच्या हिवाळ्यात पुण्याला पन्नास किलोमीटर चालण्याची शर्यत होणार होती. तिच्यात गोरक्ष पुढं आला तर पोलिसात घेतो, असा शब्द एका साहेबानं मास्तरांना दिला होता. पोलीस म्हणजे नगरला खोली, आणि खोलीत नळ. हा नळ राहीच्या डोक्यात जो शिरला तो शिरलाच. राही म्हणजे गोरक्षची बायको, त्याच्या सख्ख्या मामाची लेक. त्यांची वस्ती गर्भगिरीच्या डोंगरात, घाटाच्या मधल्या टप्प्यावर, आणि विहीर खाली गावात. डोक्यावर हंडा आणि कमरेला कळशी घेऊन ती रोज तो डोंगर चढायची. "तोटी फिरवली की पानी," ती साळूबाईला सांगायची. "आपन फिरवली की यायला पायजे, आपन थांब म्हनलं की थांबायला पायजे!" साळूबाई शेजारच्या वस्तीवरची. ती म्हणायची, "आधी नवऱ्याला सरळ चालायला शिकव, मग नळाचं बग."

तसं शिकवलंच म्हणा राहीनं. आमोस मास्तर एका रविवारी सायकल ढकलत घाट चढून आले आणि त्यांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, सराव ह्या घाटातच करायचा. घाट चढलेले पाय सपाटीला दमत नाहीत. चढाला मांड्या तयार होतात आणि उताराला शिस्त. उतारावर पाय आपोआप सुटायला बघतात, माणसाला कळायच्या आत तो पळायला लागतो, म्हणून उतार हाच खरा मास्तर. "पण हे त्याचं त्याला कळत नसतं," ते राहीला म्हणाले. "बघणारं माणूस लागतं. तोंडाकडे बघायचं नाही, पायांकडं बघायचं."

राहीनं ते असं मनावर घेतलं की विचारू नका. सकाळी गोरक्ष घाटाला लागला की ही बाई शेणाची पाटी बाजूला ठेवून वळणावरच्या कठड्यावर येऊन बसायची. नवरा उतारावरनं खाली येताना नजर त्याच्या टाचांवर. जरा पाय सुटला की तिचा आवाज दरीतनं घुमून यायचा, "पळालात!" गोरक्ष चिडायचा. "न्हाई पळालो!" "पळालात! मी बगितलं! मागं जावा, पुन्ना या!" आणि तो मुकाट्यानं मागं जायचा, त्या वळणाच्या माथ्यापासून पुन्हा खाली यायचा. रात्री त्याच्या पोटऱ्यांना तेल चोळता चोळता ती पुन्हा तोच विषय काढायची. उन्हाळ्यात ती रोज ओरडायची. पावसाळ्यात कधीमधी. दसऱ्यापर्यंत तिचं ओरडणं बंदच झालं. गोरक्षचे पाय पळणं विसरले होते.

पण चढ काही सरळ होत नव्हता. उतार शिस्तीचा, तर चढ जिवाचा. शेवटच्या फेरीला छाती फुटायला यायची, नडग्यांत कळा यायच्या, आणि नेमकी त्याच वेळेला खालनं दूधगाडी यायची. गावोगावचे कॅन गोळा करून ती नगरला जायची आणि चालवायचा कोण, तर राहीचा धाकटा भाऊ बन्सी. भरलेली गाडी घाटात पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीनं चढायची. गोरक्ष हात करायचा, बन्सी थांबवायचा, आणि वरची वळणं हा पठ्ठ्या दुधाच्या कॅनवर बसून चढायचा. घरी येऊन सांगायचा, सगळ्या फेऱ्या झाल्या.

बन्सीच्या पोटात काही राहतंय होय? एकदा बहिणीकडे भाकरी खाताना हसत हसत बोलून गेला, "आक्का, तुझा पैलवान निम्मा घाट माझ्या गाडीतच चढतोय की गं." राही भाकरी थापत राहिली. गोरक्षला वाटलं, सुटलो.

भाऊबीजेला सगळे बनुबाईकडे जमले. बनुबाई राहीची आणि बन्सीची आई, म्हणजे गोरक्षची मामी आणि सासूही. राहीनं भावाला ओवाळलं. बन्सीनं ताटात ओवाळणी टाकायला हात पुढं केला तर हिनं ताट मागं घेतलं.

"पैसे नगं. मागीन ते दे."

"माग की."

"साडी न्हाई, चोळी न्हाई. घाटात ह्यांनी हात केला तर गाडी थांबवायची न्हाई. शिव्या दिल्या तरी न्हाई, पाया पडले तरी न्हाई. शर्यत होईस्तवर."

घर असं हसलं की कोंबड्या बिचकल्या. बनुबाई कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं येडे, लुगडं माग! भाऊ देतोय तर लुगडं मागावं का हे मागावं?" पण राहीचा हट्ट. बन्सीनं ताटाला हात लावला आणि म्हणाला, "दिली." गोरक्षही हसला, कान लाल झाले तरी हसला. बायकोनं चारचौघांत चोरी पकडली होती आणि तीही अशी की रागवायला जागा ठेवली नव्हती.

एकदा ओवाळणी दिली म्हणजे दिली. बन्सी शब्दाचा पक्का निघाला. चार दिवसांनी गोरक्षनं हात करून बघितला, तर ह्यानं हॉर्न वाजवला आणि गेला. मग गोरक्षनं लंगडल्यासारखं केलं. हात जोडले. एकदा तर गाडीच्या बाजूनं चालत "राहीची आन हाय तुला, थांब की मर्दा, राहीला न्हाई सांगत!" असं गयावया केलं. बन्सी खिडकीतनं डोकं काढून खदाखदा हसला. "ओवाळनी दिलीय, दाजी!" पुढं पुढं तर त्या दोघांचा तो खेळच झाला. हा हात करायचा, तो हॉर्न वाजवायचा. आणि गंमत अशी की ओवाळणीचा गुण आला. गोरक्ष गाडीच्या मागं मागं चढ चढायला शिकला. बन्सी आरशात बघून गाडी जरा ओढायचा, हा चिकटून राहायचा. मास्तर पुन्हा येऊन बघून गेले आणि म्हणाले, असाच राहिलास तर पुण्याला तुझ्या पुढं फार लोक नसतील.

इथवर जेवढं हसायचं तेवढं हसून घ्या. पुढं तसलं काही नाही.

बांगलादेशची लढाई संपून महिना-दीड महिना झाला होता. शर्यत तोंडावर आली होती. सकाळची वेळ, थंडी मजबूत. शेवटच्या फेरीआधी गोरक्ष घरी पाणी पिऊन बुटांच्या नाड्या आवळत होता. त्या कॅनव्हासच्या बुटांना त्यानं खाली टायरचा तळ मारून घेतला होता. राही बैलांना कडबा काढायला गंजीकडे गेली होती. गंजीत आत ऊब असते. पेंढी ओढायला हात आत घातला आणि ऊब धरून बसलेल्या नागानं तिला मनगटाला धरलं.

ती ओरडली नाही. स्वतःच्या पायांनी दारापर्यंत आली आणि म्हणाली, "अवो, नागानं धरलं."

गोरक्षनं दंडाला दोरी आवळली. साळूबाईला हाका मारल्या, ती धावत आली. राहीला बाजेवर निजवलं. नगरच्या सरकारी दवाखान्यात सापाची लस असते एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. नगर घाटाच्या वर, लांब, आणि एस.टी. पार दुपारची. पण दूधगाडीची वेळ झालेलीच होती. ते राहीनंच सांगितलं. तिची जीभ जरा जड व्हायला लागली होती. "गाडी येतीच हाय. बन्सी असंल. जावा." भाऊ येतोय म्हणून तिच्या तोंडावर धीर होता. ओवाळणी त्या घटकेला तिच्याही ध्यानात नव्हती आणि ह्याच्याही.

गोरक्ष पाऊलवाटेनं रस्त्याला उतरला. खालच्या वळणातनं गाडीचा घरघराट येत होता. तिथं उभा राहिला असता तर? असं नंतर सगळ्यांनीच विचारलं. पण ज्याच्या घरात असं झालंय तो उभा कसा राहील? तो गाडीच्या दिशेनं उताराला लागला, दोन्ही हात वर करून. बन्सीला समोरून काय दिसलं? रोजची वेळ, रोजचा रस्ता, रोजचे दाजी, आणि रोजचा हात. त्यानं हॉर्न वाजवला, गाडी कडेनं घेतली आणि हसून पुढं काढली. गाडी अंगावर आली तसा गोरक्ष बाजूला झाला. अंग बाजूला होतंच, त्याला कोण काय करणार?

मग तो मागं वळला आणि गाडीच्या पाठीमागं लागला. "राही!" म्हणून ओरडला. "राहीला! राहीला नाग!" इंजिन पहिल्या गिअरमध्ये भुंकत होतं, कॅनांची झाकणं थाडथाड वाजत होती. बन्सीला ऐकू आलं ते एवढंच, राही. बहिणीच्या नावानं दाजी नेहमीच विनवायचे. त्यानं आरशात बघितलं. गाडी जरा ओढली. दाजी चिकटले. आणखी जरा ओढली. दोन वळणं गोरक्ष त्या गाडीच्या मागच्या फाळक्यापासून हातभर अंतरावर होता. तिसऱ्या वळणाला चढ कमी होतो, तिथं बन्सीनं गिअर बदलला आणि गाडी निघून गेली.

मग बैलगाडी जुंपली. राहीला गाडीत घातलं, साळूबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, आणि घाट चढायला लागले. वाटेत एखादी गाडी मिळेल, नाहीतर एस.टी. गाठू. राही आधी बोलत होती, मग नुसतं बघत होती. पापण्या तिला उचलेनात. गोरक्ष बैलांच्या शेपट्या पिळत होता आणि मागं वळून "राही, ए राही" करत होता. दुसऱ्या वळणावर साळूबाई म्हणाली, "गोरख, थांब आता." बैल थांबवले तरी तो खाली उतरेना. साळूबाईनंच कासरा त्याच्या हातातनं सोडवून घेतला.

दुपारी रिकामे कॅन घेऊन दूधगाडी परत आली. वळणावर बैलगाडी उभी, माणसं जमलेली. बन्सीला कुणी हात केला नाही. त्यानं आपणहून गाडी थांबवली, खाली उतरला, आणि बहिणीच्या तोंडावरचा पदर बघून तिथंच रस्त्यावर बसला.

त्या दिवसापासून बन्सीला गावात तोंड राहिलं नाही. ओवाळणीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, सगळे तिला हसले होते, पण त्यानं काय होतंय? "डोळं न्हवतं का त्याला? मानूस मरनाच्या दारात हाय का थट्टा करतोय, एवढं कळंना?" असंच जो तो बोलायचा. बनुबाईनं तर लेकाला घराची पायरी चढू दिली नाही. "माझी एक लेक खाल्लीस," म्हणाली, "आता माझ्या ताटातलं खायला येऊ नगंस." बन्सीनं गाडीची चावी मालकाकडं दिली आणि आईच्या गोठ्यात जाऊन पडला. शेजारच्या घरातनं भाकरी यायची, ती कधी खायचा, कधी बैलांना घालायचा. स्वतःच्या बाजूनं एक शब्द बोलला नाही.

आणि गोरक्ष? दिवसकार्य मामीच्याच घरी होतं, तिथं बसून तो येईल त्याला सांगत होता. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती आणि प्रत्येकाला पहिल्यापासून. "जीव खाऊन पळालो वो. फाळक्याला हात लागत हुता माझा. दोन वळनं पळालो गाडीमागं. ह्यानं आरशात बघितलं, आन् गाडी ओढली." माणसं च्‌ च्‌ करायची आणि गोठ्याकडे बघायची. सांगताना गोरक्षला जरा बरं वाटायचं, हे खोटं कशाला बोला? दुःखाला ठेवायला एक जागा मिळाली होती. ती जागा बन्सी होता.

दशक्रियेच्या दिवशी आमोस मास्तर आले. त्याच दिवशी पुण्याला शर्यत होती. मास्तरांनी शर्यतीचं नाव काढलं नाही आणि गोरक्षलाही ती आठवली नाही. मास्तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ बसले, आणि जाताना म्हणाले, "तिच्यासारखी नजर मी पंचांतसुद्धा बघितली नाही रे." गोरक्ष तेव्हा ढसाढसा रडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

तेरावा झाला. पाहुणे पांगले. संध्याकाळी गोरक्ष मामीच्या घरामागं हात धुवायला गेला तर गोठ्याच्या तोंडाशी बन्सी उभा. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. गोरक्षला त्याच्याकडे बघायचंही नव्हतं. तो वळला तसा बन्सी म्हणाला, "दाजी, एक इचारू का?"

गोरक्ष थांबला.

"तुमी पळत का न्हाई आलात?"

गोरक्षच्या डोक्यात तिडीक गेली. "पळतच हुतो की! आंधळा हाईस का?"

"न्हाई, दाजी." बन्सीचा आवाज अगदी बारीक. भांडणाचा सूर त्यात नव्हताच. "मी आरशात बगत हुतो. पयल्या वळनापासनं. टाच टेकत हुती तुमची. गुडघा ताठ हुता. कंबर चालत हुती. एकदाबी पाय सुटला न्हाई. मी मनात म्हनलं, आज दाजींची चाल काय बसलीय! आक्काला सांगितलं पायजे, आन् कुठवर टिकतीय बगू म्हनून गाडी ओढली."

गोरक्षची नजर आपल्याच पायांकडं गेली.

"तुमी पळाला असता ना," बन्सी म्हणाला, "चार पावलं जरी पळाला असता, तर मी गाडी तितंच कठड्याला घातली असती. दाजी पळत्यात म्हंजे कायतरी आक्रीत झालंय, एवढं मला कळलं असतं. त्या घाटात तुमाला पळताना मी कवाच बगितलं न्हवतं."

"मग एवढं दिस बोलला का न्हाईस?"

"कुनाला बोलू? आयला? तिला चालनं-पळनं दोनी येकच."

गोरक्ष दावणीला टेकून बसला. मनात तो पळतच होता. इतके दिवस डोळे मिटले की स्वतःला पळतानाच बघत होता. छाती फुटत होती, घसा सुकला होता, मग पळालोच असेन की. पण मन काय, सांगेल ते मानतं. पायांना विचारलं तेव्हा पायांनी खरं सांगितलं. डांबरावर पडणारी टाच त्याला आता ऐकू आली. एक टेकली की दुसरी सुटत होती, दुसरी टेकली की पहिली. कोपरं छातीपाशी. जीव जाईपर्यंत जोरात, आणि तरी चालच. ज्या घाटात पाय सुटला की मागं जावं लागायचं, त्या घाटात त्याचे पाय सुटलेच नाहीत. कुणी शिकवलं होतं ते? कुणासाठी शिकला होता? ह्या विचाराशी तो आला. त्याच्यापुढं विचार जाईना.

तो उठला तो तडक घरात गेला. बनुबाई चुलीपुढं बसली होती.

"मामी, बन्सीची चूक न्हाई. मी पळालो न्हवतो. मी चालत हुतो."

बनुबाईनं मान वर केली. "काय?"

"चालत हुतो मी. गाडीमागं. पळालो असतो तर त्यो थांबला असता. मी पळालोच न्हाई, मामी."

"अरे बाबा," म्हातारी म्हणाली, "सगळ्या गावानं सांगितलं, छाती फुटंस्तवर गेलास. साळूबाईनं वरनं बगितलं. कशाला आता स्वताला लावून घेतोस?"

"त्ये चालनं हुतं!"

"चाललास काय आन् पळालास काय. तुझं त्ये चालनं म्हंजे आमच्या लेखी पळनंच."

"न्हाई! न्हाई, मामी. थांब, तुला दावतो."

आणि त्यानं खरोखर दाखवलं. अंगणात गेला, तेराव्याच्या पंगतीचं खरकटं अजून निपटायचं होतं, त्या अंगणात तो ह्या कुडापासून त्या कुडापर्यंत चालत गेला. कोपरं वर, टाच आधी, कंबर डावी-उजवी. "हे चालनं. बग. एक पाय खाली हाय का न्हाई?" मग परत फिरला आणि पळत आला. पळणंही त्याला नीट येईना, पाय आखडत होते, धडपडला, पण पळाला. "आन् हे पळनं. दोनी पाय वर गेलं, दिसलं का? दिसलं का, मामी? पुन्ना बग." पुन्हा चालला. पुन्हा पळाला. शेजारच्या दारात माणसं आली. काकासाहेब आला होता, तोही बघत होता, आणि आज त्याला काही विनोद सुचत नव्हता. बायकांनी पदर तोंडाला लावले, पण हसू लपवायला नव्हे. पोराच्या डोक्यावर परिणाम झाला, असंच सगळ्यांना वाटलं.

"दिसलं का पन?" गोरक्ष एकेकाच्या तोंडाकडे बघत विचारत होता. "सांगा की. काय फरक दिसला?"

कुणालाच दिसला नव्हता. बनुबाई डोळे बारीक करून त्याच्या पायांकडे बघत होती, मनापासून बघत होती, पण तिला दिसत होता एक दमलेला जावई, इकडून तिकडं धावणारा. ती घाबरली आणि गोठ्याकडे तोंड करून ओरडली, "बन्सी! आरं बन्सी, भाईर ये, दाजीला धर! पडंल त्यो!"

बन्सी धावत आला. तेरा दिवसांत आईनं पहिल्यांदा नाव घेतलं होतं, ते ना आईच्या लक्षात आलं ना लेकाच्या. त्यानं दाजीला मागनं कवेत धरलं आणि ओट्यावर आणून बसवलं. तोही रडत होता. म्हातारीनं तांब्यात पाणी आणलं, जावयाच्या तोंडावरनं हात फिरवला, लेकाच्या पाठीवरनंही फिरवला.

"झालं त्ये झालं," ती म्हणाली. "तुमी दोघं तेवढं राहिलाय मला. आता दोघांनी आत चला, भाकरी खावा."

गोरक्षनं तिचा हात धरला. "मामी, मला चार शिव्या दे. हान मला. बन्सीला बोललीस तसं बोल."

"कशापायी बोलू, बाबा? तू काय केलंस?"

म्हातारी खरंच विचारत होती. गोरक्षनं बन्सीकडे बघितलं. बन्सीनं मान खाली घातली.